शेजाऱ्याची किल्ली

प्रश्न : लालबागमधील आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला आणि आम्ही अठराव्या मजल्यावर राहायला आलो. चाळीत ३० वर्षे ज्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली असे, ते निवृत्त मास्तर आता समोरच्याच सदनिकेत एकटे राहतात. गेल्या महिन्यात ते दोन दिवस तापाने पडून होते आणि मला पत्ताही लागला नाही. रोज चौकशी केली, तर ती ढवळाढवळ ठरेल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : तुमचा संकोच सुसंस्कृत आहे, पण त्यापायी दार वाजवायचे थांबू नका. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने ७०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या तेथील लगतच्या वस्त्यांची तुलना केली. गरिबी आणि एकट्या वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे बरेचसे सारखे असूनही नॉर्थ लॉनडेलमधील मृत्युदर कितीतरी जास्त होता. साउथ लॉनडेलमध्ये रस्ते गजबजलेले आणि दुकाने चालू असल्याने म्हातारी माणसेही बाहेर पडत. शेजारच्या वस्तीत मोकळे भूखंड ओस पडलेले आणि गुन्हेगारीची धास्ती, त्यामुळे ती दार लावून आतच राहिली. चाळीची गॅलरी जे काम कोणी न सांगता करत असे, ते टॉवरमध्ये कोणीतरी ठरवून करावे लागते.

मात्र चाळीतले सगळेच गोड मानू नये. त्याच गॅलरीत कोणाची मुलगी किती वाजता परतली याचाही हिशेब ठेवला जाई आणि त्याचा जाच कित्येक बायकांनी सोसला आहे. म्हणून मास्तरांच्या आजाराची किंवा पैशाची गोष्ट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये, आणि चौकशी किती वेळा केलेली चालेल हे त्यांनाच विचारावे.

माझ्या मते खरी चूक वेगळीच आहे. नव्या घराची किल्ली तुम्ही त्यांच्याकडे ठेवलीच नाही, आणि ३० वर्षे तुमचे घर राखणाऱ्या माणसाला आता आपली गरज उरली नाही असे वाटले असेल. नुसती मदत घेत राहणारा माणूस ओशाळतो. तेव्हा आधी तुम्ही काही मागा. किल्ली द्या, विरजण मागायला जा. पुढे त्यांनी आपली दुसरी किल्ली तुमच्या हाती दिलीच, तर ती केव्हा वापरायची हे तेव्हाच ठरवून घ्या : दुधाची पिशवी दहापर्यंत दारातच दिसली आणि फोन उचलला गेला नाही, तर.