हुकूम कोणाचा, ते आधी सांग

अरे, तुझी ती लांबलचक मेल आणि सोबतची यादी, दोन्ही वाचलं. घरातला रोबॉट काय काय करू शकेल याचे पानभर मुद्दे काढलेस आणि शेवटी विचारतोस की मॅडम, यातलं लोकांना खरंच काय लागेल, की हे सगळं सोडून आयटीतली ऑफर घेऊ. ऑफरचं नंतर, आधी यादी.

"आजीला औषधाची आठवण करून देणे", "आजोबा पडले तर मुलाला मेसेज", "आजीवर लक्ष ठेवणे". सगळं आजीला कोणीतरी काहीतरी करणार, आजी स्वतः काय करेल ते एका ओळीतही नाही. मग हुकूम कोणाचा? मुलाचा, आणि तो असतो बंगलोरला नाहीतर न्यू जर्सीला. मी इतकी वर्षं ऑक्युपेशनल थेरपी करतेय, म्हणजे रोजची कामं पेशंटला स्वतः कशी करता येतील ते बघायचं, पॅरालिसिसची, मोटर न्यूरॉनची (यात हळूहळू सगळे स्नायू निकामी होतात) माणसं त्यांच्या घरी जाऊन बघतेय, आणि माझं एकच म्हणणं आहे, तुला कंटाळा आला तरी तेच सांगणार. यंत्र ज्याच्यासाठी, हुकूम त्याचा.

हेन्री इव्हान्सबद्दल वाच. कॅलिफोर्नियातला माणूस, २००२ मध्ये ऐन चाळिशीत स्ट्रोक आला, वाचा गेली, हातपाय गेले. २०१० मध्ये त्याने टीव्हीवर जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या चार्ली केम्प यांचा रोबॉट बघितला आणि स्वतःहून त्यांना गाठलं. मग विलो गॅरेज कंपनीचा पीआर-टू रोबॉट त्याच्या मदतीला आला, चाकांवरचा, दोन हातांचा, किंमत चार लाख डॉलर. डोकं जरासं हलवून स्क्रीनवरचा कर्सर न्यायचा आणि त्यावरून रोबॉट चालवायचा. एवढ्या महागड्या मशीनने त्याने काय केलं माहितीये? स्वतःचा गाल खाजवला. स्वतःची दाढी केली. बायको सगळं करतच होती रे, प्रेमाने करत होती, पण कुठे खाजवायचं, किती जोरात, कधी थांबायचं हे कित्येक वर्षांनी तो ठरवत होता.

तुझ्या यादीत खाज नाहीये. कोणाच्याच नसते, कारण यादी करणाऱ्याचे हात चालत असतात. माझ्याकडे मोटर न्यूरॉनचे एक पेशंट होते, शाळेत गणित शिकवलेले. रात्री नाकावर डास बसला की त्यांच्यापुढे प्रश्न असायचा, दिवसभर दमलेल्या बायकोला उठवायचं की चावून घ्यायचं. ते चावून घ्यायचे. चष्मा घसरला तरी तसेच पडून राहायचे, ब्युरोच्या मावशी सकाळी येऊन वर करेपर्यंत. मी त्यांच्या गालाशी एक स्विच बसवून दिला, गाल टेकवला की बझर वाजायचा, पण बझर वाजला की उठणार बायकोच ना, म्हणून ते वाजवायचेच नाहीत. तेव्हा त्यांना देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, ते गेले, आणि ती हळहळ माझी कधी जाणार नाही. तू जेव्हा "यूज केस", म्हणजे यंत्र कुठे उपयोगी पडेल, असा शब्द लिहितोस तेव्हा मला तो डास दिसतो.

आणि ते माणसासारखं दिसणारं, सगळी कामं करणारं मशीन, त्याचं वेड आधी कमी कर. याच पीआर-टूने २०१० मध्ये बर्कली विद्यापीठात टॉवेलच्या घड्या घालून दाखवल्या होत्या, एका टॉवेलला साधारण पंचवीस मिनिटं. कापडाला ठरलेला आकार नसतो, प्रत्येक वेळी वेगळं पडतं, कॅमेऱ्याला आधी कोपराच सापडत नाही. तेव्हापासून वेग खूप वाढलाय, मान्य आहे, पण बघ, त्याच केम्प यांनी पुढे एडसिंगर या दुसऱ्या रोबॉटवाल्याबरोबर काय बनवलं? स्ट्रेच नावाचा रोबॉट. एक खांब, त्यावर वरखाली होणारा आणि आत-बाहेर सरकणारा एकच हात, खाली चाकं, बास. २०२० ला आला, वीस हजार डॉलरच्या आसपास, आणि पुढे इव्हान्सने तो स्वतःच्या घरात वापरला. चेहरा नाही, पाय नाहीत, पण हुकूम त्याचा.

आता आपल्याकडे ये. आपल्या घरात उंबरठा असतो, बाथरूमची पायरी असते, दारात पायपुसणं, पलंगाखालून गेलेली एक्स्टेंशनची वायर, फरशी अर्धा वेळ ओली. स्ट्रेचची ती छोटी चाकं पहिल्याच दारात अडतील. भरवणाऱ्या मशीनचंही तेच, जपानच्या सेकॉमने माय स्पून काढला, छान आहे, डब्यातल्या कप्प्यातून घास उचलतो, पण आपला वरणभात आधी कालवावा लागतो, त्यात लिंबू किती, तूप किती, पहिल्या घासाबरोबर लोणचं की नाही, हे ज्याच्या तोंडात घास जाणार त्याने सांगायचं असतं ना! यावर काम कर की. यात आयुष्य जाईल तुझं आणि कमी पडेल.

हुकूम फक्त मुलगाच पळवतो असं नाही, कंपनीही पळवते. जीबो आठवतो, टेबलावर ठेवायचा बोलणारा रोबॉट? २०१४ मध्ये लोकांनी आधी पैसे भरले, २०१७ मध्ये घरी आला, २०१९ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि लोकांच्या टेबलावरचा रोबॉट बोलेनासा व्हायला लागला. आणि २०२५ मध्ये बुकिंग सुरू झालेला निओ, माणसासारखा दिसणारा घरकामाचा रोबॉट, त्याला जे काम येत नाही तिथे कंपनीचा माणूस लांबून कॅमेऱ्यातून बघून ते करणार, मालकाची परवानगी घेऊन. पण अंथरुणात असलेल्या बाईच्या खोलीत परवानगी देणारा मालक कोण, ती की बिल भरणारा? हे विचारल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा बसवू नकोस.

मला हट्टी म्हणतात, माहितीये मला. एका कंपनीच्या प्रोजेक्टवर होते, अंथरुणातल्या पेशंटसाठी काहीतरी करायचं होतं. मी म्हटलं, बंद करायचं बटण पेशंटच्या हाताशी हवं. ते म्हणाले, पेशंट बंद करून टाकेल. मी म्हटलं, करू दे. त्यांनी मला काढलं आणि कॅमेरा आणि अलार्म विकायला काढला. आजही मला तसंच विचारलं तर तेच उत्तर देईन. "मग डिमेन्शिया असेल तर?" हे तू विचारशीलच. जपानचा पारो आहे, सीलच्या पिल्लासारखा मऊ रोबॉट, कुरवाळलं की हलतो, आवाज काढतो, काहींना त्याने शांत वाटतं आणि ते चांगलंच आहे. पण आजीने हाताने बाजूला सारला तर परत मांडीवर ठेवायचा नाही. सारणं हाही हुकूमच आहे, तेवढा तरी तिला राहू दे ना!

आता ऑफर. घरी पैशांची गरज असेल तर घे, त्यात मला काही विचारू नकोस, संध्याकाळ आणि रविवार तुझेच राहतील. नुसतं "याला मार्केट नाही" असं तुझ्या प्रोजेक्टचे परीक्षक म्हणाले म्हणून सोडणार असशील तर मात्र मला राग येईल. त्या परीक्षकांनी कोणाला भरवलंय का कधी?

या रविवारी अकराला क्लिनिकवर ये. तिथून एका आजींकडे जायचंय, डावी बाजू गेलीये, बोलतात व्यवस्थित. लॅपटॉप आणू नकोस, प्रेझेंटेशन तर नकोच. तास-दीड तास नुसतं बसायचं, त्या सांगतील ते करायचं आणि त्या काय मागतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मेजर टेप आण, बाथरूमचा उंबरठा मोजायचाय. आणि जेवून येऊ नकोस, आजींना ते आवडत नाही.