समुद्री कोळ्यांवर करिअर होतं का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. अंटार्क्टिकातल्या समुद्री कोळ्यांचा (सी स्पायडर, समुद्रातले कोळ्यासारखे लांब पायांचे प्राणी) व्हिडिओ पाहिल्यापासून ‘नीट’ नको, त्यांच्या जनुकांवरच संशोधन करायचंय, म्हणते. यात पोट भरतं का? – एक पालक, सांगली

नमस्कार. समुद्री कोळ्यांचा अभ्यासक हवा, अशी जाहिरात आपल्याकडे निघत नाही. सागरी जीवशास्त्र, जनुकशास्त्र, ध्रुवीय संशोधन यांत जागा निघतात, त्याही मोजक्याच. पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येते. हे धरूनच चाला.

पण तिला पडलेला प्रश्न पोरकट नाही. या प्राण्यांच्या बहुतेक जातींत नरच अंडी पायांना चिकटवून वागवतो. त्यामुळे पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जात नाहीत आणि मोठेपणीही तळावर सावकाश चालतात. मग ‘निम्फॉन ऑस्ट्राले’ ही त्यांची एक जात अख्ख्या अंटार्क्टिकाभोवती कशी सापडते? डीएनए तपासला तेव्हा अंटार्क्टिक द्वीपकल्प, वेडेल समुद्र आणि पूर्व अंटार्क्टिका इथले गट एकमेकांपासून बरेच तुटलेले दिसले. ‘कोलोसेंडाइस मेगॅलोनिक्स’ या दुसऱ्या जातीच्या एका नावाखाली तर अनेक वेगळे वंश निघाले. उद्या सागरी संरक्षित क्षेत्रं आखताना हीच माहिती लागते, कारण एका ठिकाणचा गट संपला तर शेजारून भरपाई होईलच असं नाही.

रोजचं काम मात्र व्हिडिओसारखं नसतं. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या पायाचा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, पीसीआर करायचं (म्हणजे हव्या त्या डीएनए-तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या) आणि मग महिनोन्‌महिने संगणकावर आकडेमोड. गणित सुटलं असलं तरी संख्याशास्त्र सुटणार नाही. ‘आयसर’ या केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेतही चारही विषयांचे प्रश्न असतात, गणिताचे धरून. तिथं नाही जमलं तर चांगल्या कॉलेजात प्राणिशास्त्र किंवा बायोटेक घेऊन बीएस्सी, पुढे सागरी विज्ञानात एमएस्सी. गोवा विद्यापीठ तुम्हाला जवळच आहे. वास्कोलाच राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही अंटार्क्टिकातली आपली केंद्रं तेच चालवतं. (मोहिमेला निवड झाली तरी आधी वैद्यकीय तपासणी आणि औलीच्या बर्फात प्रशिक्षण. तब्येत जपायला सांगा!)

‘नीट’ यंदा देऊ दे, पण नको असताना रिपीट करायला लावू नका. परीक्षा संपली की ‘जेनबँक’ या जनुकक्रमांच्या मोफत संकेतस्थळावरून निम्फॉनचे ‘सीओआय’ जनुकाचे (जाती ओळखायला वापरतात ते) क्रम उतरवून तिला एकमेकांशी ताडून बघू द्या. पंधरा दिवसांनीही त्यात रमलेली असेल, तर मला पुन्हा लिहा. पुढच्या अर्जांचं बोलू.