यीस्टची पेशी मरते तेव्हा तंतुकणिका काय करतात?

प्रश्न : मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. पेशी आपल्याच यंत्रणेने मरते आणि त्या मरणात तंतुकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातील) प्रथिनांचा वाटा असतो, हे माणसाच्या बाबतीत मला पटते, कारण काही पेशी गेल्या तरी शरीर टिकते. यीस्ट मात्र एकाच पेशीचा जीव आहे. त्याला असे मरण कशासाठी? आणि ते ओळखायचे तरी कसे?

उत्तर : आधी ओळखण्याचे पाहू. प्रयोगशाळेत यीस्टच्या थेंबात मेथिलीन ब्लू घालून तुम्ही काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली असेल. जिवंत पेशी तो रंग उतरवून रंगहीन दिसतात, मेलेल्या निळ्याच राहतात. परंतु ती निळाई पेशी मेली एवढेच सांगते, कशी मेली ते सांगत नाही. त्यासाठी डीएनएचे तुकडे झाले आहेत का, पेशीपटलाच्या आतल्या थरातील फॉस्फॅटिडिलसेरिन हे स्निग्ध द्रव्य बाहेरच्या थरात आले आहे का, अशा खुणा शोधाव्या लागतात. फ्रँक माडेओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ मध्ये सीडीसी४८ या जनुकात बदल झालेल्या यीस्टमध्ये नेमक्या याच खुणा आढळल्या आणि या विषयाला तोंड फुटले.

तंतुकणिकेचा संबंध ॲसेटिक आम्लाच्या प्रयोगांतून पुढे आला. हे आम्ल यीस्ट स्वतःही किण्वनाच्या वेळी थोड्या प्रमाणात तयार करते, म्हणून मला हे प्रयोग विशेष महत्त्वाचे वाटतात. आम्लाचे प्रमाण बेताचे असेल तर पेशी वरील खुणा दाखवत मरते. ते फार वाढवले तर पटल फाटून सरळ नाश होतो. पोर्तुगालमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले, की बेताच्या आम्लात सायटोक्रोम सी हे प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर पडते आणि ज्या पेशींत हे प्रथिन पूर्णपणे तयारच होत नाही, त्या या रीतीने मरत नाहीत. सायटोक्रोम सीचे रोजचे काम श्वसनसाखळीत, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीत, इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे आहे. माणसाच्या पेशीत ते बाहेर आले की एपॅफ-१ या प्रथिनाला जाऊन मिळते आणि पेशीतील प्रथिने तोडून तिचा मृत्यू घडवणारी कॅस्पेज विकरे जागी होतात. यीस्टकडे एपॅफ-१ नाही. शिवाय सायटोक्रोम सी नसलेल्या पेशीचे श्वसनही बंद असते, त्यामुळे ती वाचली ते मृत्यूचा निरोप न पोहोचल्यामुळे की श्वसन थांबल्यामुळे, हे केवळ त्या प्रयोगावरून ठरत नाही. पाठ्यपुस्तकातील माणसाच्या पेशीची आकृती यीस्टवर जशीच्या तशी बसवू नका, असे मी आवर्जून सांगेन.

तंतुकणिकेतून निघून केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनांचा पुरावा अधिक बोलका आहे. २००४ मध्ये एआयएफ१ आणि २००७ मध्ये एनयूसी१ यांचे हे स्थलांतर दाखवले गेले. एनयूसी१ हे डीएनए कापणारे विकर आहे आणि माणसातील एंडोन्यूक्लिएज जी हे त्याचे नातलग. आता गंमत पाहा : श्वसन जोरात चालू असताना एनयूसी१चे जनुक काढून टाकले तर पेशी कमी मरतात, पण श्वसन दबलेले असताना तेच जनुक काढले तर पेशींचा अनियंत्रित नाश उलट वाढतो. म्हणजे या प्रथिनाला सरसकट मारेकरी म्हणता येत नाही. एका परिस्थितीत ते मारते, दुसरीत राखते. म्हणूनच यीस्ट ग्लुकोजवर वाढवले होते की ग्लिसेरॉलवर, हे न नोंदवता काढलेला निष्कर्ष मी अपुरा मानतो. ग्लुकोज भरपूर असेल तर यीस्ट किण्वनावर भागवते, ग्लिसेरॉलवर मात्र त्याला श्वसन करावेच लागते.

राहिला 'कशासाठी' हा प्रश्न. यीस्टची वसाहत बहुधा एकाच पेशीपासून वाढलेली असते, त्यामुळे शेजारच्या पेशींची जनुके सारखीच असतात. जुन्या पेशी मेल्यावर त्यांतून सुटणाऱ्या अन्नद्रव्यांवर उरलेल्या पेशी जास्त काळ तग धरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. हा युक्तिवाद मला पटतो, तरी 'आत्महत्या' हा शब्द मी टाळतो, कारण त्यात हेतू गृहीत धरला जातो. 'नियंत्रित पेशीमृत्यू' म्हणावे. यीस्टमधील वायसीए१ या मेटाकॅस्पेजलाही (कॅस्पेजच्या दूरच्या नातलग विकरालाही) थेट कॅस्पेज म्हणू नये : कॅस्पेज विकरे प्रथिनाची साखळी ॲस्पार्टिक आम्लापाशी तोडतात, मेटाकॅस्पेज मात्र आर्जिनीन किंवा लायसीनपाशी.