सोव्हिएत रशियाने नुसत्या नकलाच केल्या का? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात अवकाशस्पर्धेवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की माणूस चंद्रावर उतरेपर्यंत बरीचशी मोठी 'पहिली' पावलं सोव्हिएत लोकांच्याच नावावर होती. पहिला उपग्रह १९५७, पहिला माणूस १९६१, पहिली बाई १९६३, यानाबाहेर तरंगणारा पहिला माणूस १९६५, चंद्रावर अलगद उतरलेलं पहिलं यान १९६६. एवढ्याशा वाक्यावर ढीगभर पत्रं आली, काही खूश, बरीचशी वैतागलेली, आणि एकाने तर मला थेट लाल सलाम ठोकलाय! असो. त्यातले निवडक प्रश्न आज घेतोय.

प्रश्न: साहेब, अणुबॉम्ब हेरगिरी करून आणला, विमान अमेरिकेचं ढापलं, कार फियाटची. मग यांचं स्वतःचं होतं तरी काय?

नकला केल्या, आणि बिनदिक्कत केल्या. १९४४ मध्ये जपानवर बॉम्ब टाकून परतताना काही अमेरिकन बी-२९ विमानं सोव्हिएत हद्दीत उतरली, ती यांनी परत दिलीच नाहीत, त्यातल्या एकाचा खिळान्खिळा सुटा करून मोजमापं घेतली आणि त्यावरून टीयू-४ उभं केलं. १९४९ चा पहिला अणुबॉम्ब म्हणजे नागासाकीवरच्या बॉम्बचीच आवृत्ती, आराखडा अमेरिकेच्या अणुप्रकल्पात काम करणाऱ्या क्लाउस फुक्स या हेराने पोचवलेला. बाकी बऱ्याच गोष्टी तर चोरलेल्याही नाहीत, चक्क पैसे मोजून घेतलेल्या आहेत. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना डेट्रॉइटच्या आल्बर्ट कानच्या ऑफिसने डिझाइन केला, गॉर्कीचा मोटार कारखाना फोर्डशी करार करून उभा राहिला, आणि मिग-१५ या लढाऊ विमानातलं जेट इंजिन ब्रिटनने १९४६ मध्ये स्वतःहून विकलेल्या रोल्स रॉइसच्या नीन इंजिनावरून बनवलेलं. चारच वर्षांनी कोरियात तेच मिग पाश्चात्त्य विमानांच्या मागे लागले, तेव्हा ब्रिटिशांना काय वाटलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

पण हा माल एकाच दिशेने जात होता असं नाही हो, आणि उलट दिशेचा किस्सा मला जास्त आवडतो. मॉस्कोत प्योत्र उफिम्त्सेव नावाचा एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता, एखाद्या वस्तूच्या कडांवर आपटून विद्युतचुंबकीय लहरी कशा विखुरतात याचं गणित त्याने मांडलं आणि १९६२ मध्ये ते उघड छापलंसुद्धा, कारण याचा लष्कराला काही उपयोग नाही असं वरच्यांना वाटलं. अमेरिकन हवाईदलाने १९७१ मध्ये त्याचं भाषांतर करून घेतलं, ते लॉकहीड या विमान कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर नावाच्या इंजिनियरच्या हाती पडलं, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की या गणितावरून कुठलाही आकार रडारवर किती दिसेल ते आधीच काढता येईल. त्यातून रडारला न दिसणारं एफ-११७ विमान आलं. म्हणजे अमेरिकेच्या सगळ्यात गुप्त विमानाचा पाया मॉस्कोत छापला गेला आणि मॉस्कोतच कुणी ढुंकून बघितलं नाही.

दुसरं, रॉकेटची इंजिनं. रॉकेटमध्ये इंधन ढकलणारा पंप फिरवायला थोडं इंधन आधी जाळावं लागतं, आणि तो जळका वायू बरीच इंजिनं सरळ बाहेर फेकतात. सोव्हिएत इंजिनियरांनी तो वायू पुन्हा मुख्य कक्षात घालून जाळला, त्यामुळे तेवढ्याच इंधनात जास्त जोर. भानगड एवढीच की ऑक्सिजनने भरलेला तापलेला वायू धातूच खाऊन टाकतो, म्हणून केरोसीनच्या इंजिनात अमेरिकन लोक या वाटेला गेलेच नव्हते. यांनी धातू शोधले, लेप शोधले आणि करून दाखवलं. त्यांच्या चंद्रमोहिमेचं एन-१ रॉकेट चारही वेळा फसलं, उरलेली इंजिनं नष्ट करा असा हुकूम आला, पण ती बनवणाऱ्या कुझनेत्सोवच्या लोकांनी ती गुपचूप गोदामात लपवून ठेवली, आणि नव्वदीत अमेरिकन कंपनीने तीच विकत घेतली. त्याच तंत्रावर चालणारं रशियन आरडी-१८० इंजिन पुढे अमेरिकेच्या अ‍ॅटलस रॉकेटला लागलं आणि अमेरिकन लष्कराचे उपग्रह कित्येक वर्षं रशियन इंजिनावर वर जात राहिले.

प्रश्न: नासाने अवकाशात चालणाऱ्या पेनावर लाखो डॉलर उडवले आणि रशियनांनी पेन्सिल वापरली, हे खरं ना?

नाही. सुरुवातीला दोघंही पेन्सिलीच वापरत होते, पण तुटलेलं टोक आणि शिशाची भुकटी यानात तरंगत राहते, मशीनमध्ये शिरते, शिवाय जळूही शकते. पेन फिशर कंपनीने स्वतःच्या खर्चाने बनवलं, नासाने ते अगदी स्वस्तात घेतलं आणि १९६९ मध्ये सोव्हिएतांनीही तेच पेन विकत घेतलं. हा फॉरवर्ड आता थांबवा प्लीज.

प्रश्न: एवढी हुशार माणसं होती तर मग कॉम्प्युटर, मोबाईल, साधा चांगला टीव्ही तरी का नाही जमला? मी इंजिनियरिंगला आहे, आमचे सर म्हणतात तिथे इलेक्ट्रॉनिक्स नव्हतंच.

सरांना माझा नमस्कार सांगा आणि ओलेग लोसेव हे नाव विचारा. १९२० च्या दशकात या तंत्रज्ञाने स्फटिकातून वीज जाताना उजेड पडतो हे बघितलं, त्यावर पेपर लिहिले, म्हणजे आजच्या एलईडीचा आजोबाच तो. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला बिचारा. लेसरच्या मुळाशी असलेल्या कामाचं १९६४ चं नोबेल अमेरिकेचा टाउन्स आणि मॉस्कोचे बासोव व प्रोखोरोव यांच्यात वाटलं गेलं. सेर्गेई लेबेदेवने युद्धात बेचिराख झालेल्या कीवमध्ये १९५०-५१ मध्ये कॉम्प्युटर चालवून दाखवला. मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये ब्रुसेन्त्सोवने तर सेतुन नावाचं मशीन बनवलं जे शून्य-एकवर नाही तर उणे एक, शून्य आणि एक अशा तीन आकड्यांवर चालायचं! स्वस्त होतं, पण साधारण पन्नासेक बनली आणि वरून उत्पादन बंद.

मग माशी शिंकली कुठे? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. तिथे ज्या वस्तूचं गिऱ्हाईक एकच होतं, म्हणजे सरकार, आणि त्या गिऱ्हाइकाला ती जीव तोडून हवी होती, तिथे काम जगात भारी झालं. रॉकेट, रणगाडे, अणुवीज (वीज ग्रिडला देणारं पहिलं अणुकेंद्र ओब्निन्स्कला, जून १९५४, फक्त ५ मेगावॅटचं का होईना). पण टीव्ही किंवा कॉम्प्युटर सुधारतो तो लाखो लोक विकत घेतात, वैतागतात, शिव्या देतात, दुसऱ्या कंपनीचा घेतात त्यातून, आणि तिथे तर कारखान्याचं नशीब ठरायचं मॉस्कोने दिलेला आकडा पुरा झाला की नाही यावर, वस्तू चालते की नाही हे नंतरचं. प्रयोगशाळेत लागलेला शोध कारखान्यात न्यायचा तर मॅनेजरला चालू लाइन थांबवावी लागणार, महिन्याचं टार्गेट हुकणार, बोनस जाणार, कोण कशाला करेल? साठच्या दशकाच्या शेवटी तर सरकारने ठरवूनच टाकलं की आपापली वेगवेगळी मशीनं करत बसायचं नाही, अमेरिकेच्या आयबीएम-३६० कॉम्प्युटरची नक्कल करायची. सॉफ्टवेअर आयतं मिळालं खरं, पण तेव्हापासून कायम दुसऱ्याच्या मागून चालणं आलं. लेबेदेवचा याला विरोध होता. कीवच्याच ग्लुश्कोवने सगळे कारखाने कॉम्प्युटरच्या जाळ्याने जोडायची योजना मांडली होती, ती मंत्रालयांच्या भांडणात अडकली कारण खरे आकडे सगळ्यांना दिसलेले कुणालाच नको होते. आणि ज्या देशात झेरॉक्स मशीनसुद्धा कुलपात ठेवत, तिथे घरोघरी कॉम्प्युटर कोण देणार होतं.

प्रश्न: स्त्रियांना समान हक्क सगळ्यात आधी तिथेच मिळाले असं आमच्या अभ्यासमंडळातल्या ताई सांगतात. कितपत खरं?

कागदावर बरंचसं खरं. १९१७ मध्ये मताधिकार आणि सोपा घटस्फोट आला, आणि १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर करणारं ते पहिलंच आधुनिक सरकार. पण १९३६ मध्ये स्टालिनने तोच गर्भपात बंद केला आणि १९५५ मध्ये पुन्हा सुरू केला, म्हणजे हक्क बाईचा नव्हता, लोकसंख्या किती हवी त्यावर नळ चालू-बंद होत होता. डॉक्टरांमध्ये बायकाच जास्त, इंजिनियर बायका पश्चिमेपेक्षा कितीतरी जास्त, हे खरंच मोठं काम आहे आणि त्याला नाकं मुरडू नयेत. मात्र डॉक्टरचा पगार कुशल कामगारापेक्षा कमी असायचा. आणि सत्ता बघाल तर येकातेरिना फुर्त्सेवा १९५७ ते १९६१ कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळात होती, तिच्यानंतर ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत तिथे सगळे बाप्येच. तेरेश्कोवा १९६३ मध्ये अवकाशात गेली, पुढची सोव्हिएत बाई गेली १९८२ मध्ये, तीही अमेरिका सॅली राइडला पाठवणार हे कळल्यावर. दिवसभर नोकरी, मग रांग, मग स्वयंपाक, धुणं. पाळणाघर सरकारी होतं, नवरा नव्हता!

प्रश्न: शीतयुद्धात दोघांनी मिळून काही चांगलं केलं की नुसते एकमेकांवर बॉम्ब रोखून बसले?

देवीचा रोग गेला तो दोघांच्या हातभारामुळे. १९५८ मध्ये सोव्हिएत उप-आरोग्यमंत्री विक्टर झ्दानोवने जागतिक आरोग्य परिषदेत देवीचं जगातून उच्चाटन करायचा प्रस्ताव आणला, तोही अमेरिकेतल्या मिनियापोलिसला. उन्हातान्हात टिकणाऱ्या सुकवलेल्या लशीचे एक अब्जाहून जास्त डोस सोव्हिएतांनी दिले, भारतातही भरपूर आले, आणि मोहीम चालवली डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरने. १९८० मध्ये देवी संपल्याची घोषणा झाली.

पोलिओचंही तसंच. आल्बर्ट सॅबिनची तोंडावाटे द्यायची लस अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तपासता येईना कारण तिथल्या मुलांना सॉल्कचं इंजेक्शन आधीच दिलेलं, मग मॉस्कोच्या मिखाइल चुमाकोवने १९५९ मध्ये कोटीभर मुलांना ती दिली. पश्चिमेत कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा येल विद्यापीठाच्या डोरोथी हॉर्स्टमन स्वतः तिकडे जाऊन बघून आल्या आणि काम चोख आहे असं त्यांनी सांगितलं. मग अमेरिकेत परवानगी मिळाली.

प्रश्न: तुम्ही गुलाग विसरलात की सोयीने वगळलात?

विसरलो नाही, सक्तमजुरीच्या त्या छावण्यांनी शास्त्रज्ञांनाही सोडलं नाही. ज्याच्या रॉकेटवर गागारिन गेला तो कोरोल्योव १९३८ मध्ये पकडला गेला आणि कोलिमाच्या खाणीत मरता मरता वाचला, तुपोलेवने तर कैदेत बसून विमानं काढली. आणि निकोलाय वाविलोव, ज्याने जगभरातून पिकांचं बियाणं जमवलं, तो १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने गेला, कारण जनुकशास्त्र नाकारणाऱ्या लिसेंको नावाच्या भोंदूवर स्टालिनची मर्जी होती. १९४८ मध्ये जनुकशास्त्रच बाद ठरवलं. माणसं मारून विज्ञान वाढतं असं म्हणणाऱ्यांनी हे एक प्रकरण नीट वाचावं, एका पूर्ण शास्त्रात हा देश कित्येक वर्षं मागे पडला.

प्रश्न: शाळा, दवाखाना, घर सगळं फुकट होतं म्हणतात. मग लोक सुखी होते का?

सुखाचं मला विचारू नका, आकडे सांगतो. १८९७ च्या जनगणनेत पाचातल्या जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होतं, १९३९ पर्यंत मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना येत होतं, हा वेग अफाटच. शाळा फुकट, पण १९४० ते १९५६ वरच्या वर्गांना फी होती, हे कुणी सांगत नाही. घरभाडं नाममात्र, फक्त घर मिळायला वर्षानुवर्षं यादीत थांबायचं. दवाखाना फुकट, आणि साठच्या दशकापर्यंत आयुर्मान झपाट्याने वाढलं, अमेरिकेच्या जवळ पोचलं. मग तिकडे वाढत राहिलं आणि इकडे पुरुषांचं उलट घसरायला लागलं, त्यात व्होडकाचा वाटा मोठा. सत्तरच्या दशकात बालमृत्यूही वाढलेले दिसले, तेव्हा सरकारने तो आकडा छापणंच बंद केलं. १९८५ मध्ये गोर्बाचेवने दारूवर बंधनं आणली तेव्हा आयुर्मान लगेच सुधारलं, पण दारूचा कर बुडाल्याने तिजोरीला मोठं भोक पडलं, आणि दोन-तीन वर्षांत ती मोहीम गुंडाळली.