भरतीतही, ओहोटीतही

विश्वासात नवा आहेस, म्हणून आधीच सांगतो: आजची ही उमेद रोज अशीच राहणार नाही. एखाद्या दिवशी प्रार्थनेला बसशील आणि शब्दच फुटणार नाहीत. तेव्हा देव दूर गेला असं समजू नकोस.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याकडे बघ. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेला स्वर्गातून अग्नी उतरला, आणि थोड्याच काळात तोच माणूस रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता. देवाने त्याला बोल लावला नाही. आधी झोपू दिलं. मग दूताने स्पर्श करून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला, तरी दूत दुसऱ्यांदा आला. हे दुसऱ्यांदा येणं मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून पडत्या काळात मोठे संकल्प नकोत. जेव, झोप, आणि तक्रार असेल तर देवाकडेच कर. बायबलमधलं 88 वं स्तोत्र शेवटपर्यंत गाऱ्हाणंच आहे, तरी ती प्रार्थनाच आहे.

खरं तर मला जास्त काळजी चांगल्या दिवसांची वाटते. सगळं सुरळीत असलं की देवाची आठवण मागे पडते. तेव्हा रोज एका तरी गोष्टीचं नाव घेऊन आभार मान आणि तारखेसह वहीत लिहून ठेव. अडचणीत ती वही वाचायला कामी येईल.