रबर निघालं, डिंक राहिला

प्रश्न : काका, आम्ही मिशिगनमध्ये २००९ सालचा एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. गाडीला मागून जोडायची चोवीस फुटी खोलीच म्हणा. तिची एक बाजू ड्रॉवरसारखी बाहेर सरकते. त्या फटीभोवतीचं रबर वाळून तडकलं होतं, म्हणून ओढून काढलं. ते तुकड्यातुकड्यांनी आलं आणि खाली करड्या फोमचा चिकट थर तसाच राहिला. खिडकीभोवती डांबरासारखा काळा चिकटा आहे. कोपऱ्यांत आधीच्या मालकाने पांढरं काहीतरी थापून ठेवलंय. नवऱ्याने लोखंडी पट्टीने खरवडलं तर फायबरवर ओरखडे उठले. आता ॲसिटोन लावू की पेट्रोल? नवं रबर आणून ठेवलंय.
– एक वाचक, मिशिगन

उत्तर : ताई, आधी पेट्रोलचा डबा होता तिथे परत ठेवा. तुमच्या ट्रेलरमधला फ्रिज बहुतेक प्रोपेन गॅसवरही चालत असणार. तो आपला आपण पेटतो, कुणाला विचारत नाही. शेजारी पेट्रोलची चिंधी घेऊन बसायची जागा नव्हे ती.

ॲसिटोनचं मी अनुभवाने सांगतो. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात बॉडी सेक्शनला माझी एकतीस वर्षं गेली. समोरची मोठी काच रबरात बसवायची म्हणजे रबराच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचं पाणी फिरवायचं आणि आतून एकाने सुतळी ओढायची. बाहेरच्याने काचेवर तळहात मारत राहायचं. सुतळीबरोबर रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. असं सगळं येतं म्हणून मी जरा तोऱ्यातच होतो. निवृत्तीनंतर मुलीकडे इंडियानात गेलो. अमेरिकेतल्या बहुतेक अशा गाड्या तिथल्या एल्खार्टच्या आसपास बनतात, त्यामुळे जुने ट्रेलर दारोदारी. जावयाने एक घेतला होता. त्याच्या मागच्या दिव्यालगत चिकटा होता, तो मी मुलीच्या नेलपॉलिश रिमूव्हरने, म्हणजे ॲसिटोननेच, पुसला. चिकटा गेला. दिव्याची लाल काचही दुधाळ झाली, कारण ती काच नव्हतीच, प्लास्टिक होतं. दिवा बदलावा लागला. जावई काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तर तुमच्याकडे एक चिकटा नाही, तीन आहेत, आणि तिघांचे स्वभाव वेगळे. त्यांना एकच औषध शोधू नका. औषधाच्याही आधी वेळ बघा.

करडा फोम म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक टेप. ती उन्हाची. भर दुपारी, भिंत तापल्यावर काढायला घ्या. ऊन नसेल तर हेअर ड्रायर. एका वेळी वीतभरच तापवा, हात जेमतेम ठेवता येईल इतकंच. हीट गन असेल तर लांबून आणि हलती ठेवा. त्या भिंतीचं फायबर पातळ असतं, मागच्या प्लायला नुसतं चिकटवलेलं. फार तापलं की सुटून फोड येतो, आणि तो फोड मग बसत नाही. टेपचं एक टोक प्लास्टिकच्या पात्याने उचला. सरळ आपल्याकडे ओढू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून, मागे दुमडून, सावकाश ओढा. झटका दिला की फोम तुटतो आणि डिंक भिंतीवर राहतो. तुमचं बहुधा तेच झालंय. उरलेला थर कोमट असताना अंगठ्याने रगडा. हाताला लागलेली कणीक चोळली की वळ्या होऊन निघते, तसा निघेल. तिथे सगळीकडे खोडरबरासारखं एक चाक मिळतं, ड्रिलला लावायचं. लांबलचक पट्ट्यांना ते उत्तम, पण एका जागी टेकवून ठेवलंत तर जळकी खूण पडते. गाडीवरच्या रंगीत पट्ट्यांपासून लांब ठेवा, ते चाक त्याही काढतं.

खिडकीभोवतीचा काळा चिकटा बहुधा ब्युटाइल, म्हणजे फटी बुजवायचं मऊ चिकट रबर. हा थंडीचा. उन्हात हात लावलात तर चुइंगमसारखा तारा सोडेल आणि कोपरापर्यंत माखाल. पहाटे, गारठ्यात, तो जरा कडक असताना प्लास्टिकच्या पात्याने तुकडे पाडा. निघालेल्याचीच एक गोळी करा आणि राहिलेल्या कणांवर टपटप दाबत जा. ब्युटाइल ब्युटाइलला उचलतं. शेवटचा डाग मिनरल स्पिरिट्सच्या (रंग पातळ करायच्या द्रावणाच्या) फडक्याने पुसा. आधी कुठे दिसणार नाही अशा कोपऱ्यात फडकं लावून पाहा. छत रबराचं असेल तर त्यावर थेंबही सांडू देऊ नका, रबर फुगतं.

पांढरं जे आहे त्यात नख रुतवून पाहा. दबून परत वर आलं तर सिलिकॉन समजा. ॲसिटोन, स्पिरिट, त्याला कशाचंच काही वाटत नाही. पातं आडवं धरून कापूनच काढायचं, मग उरलेल्या पापुद्र्यावर सिलिकॉन काढायचं द्रावण. कंटाळा आला तरी पापुद्रा ठेवू नका, कारण त्यावर कुठलीच टेप धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही.

ओरखडे पॉलिशिंग कंपाउंडने बरेच मावळतील. नख अडकतंय एवढे खोल असले तर जेलकोटची (फायबरवरच्या चकचकीत थराची) लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी लागेल.

मग भिंत पुसायला रबिंग अल्कोहोल (आयसोप्रोपिल) आणि पाणी निम्मं-निम्मं. एका फडक्याने ओलं पुसा आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपा. नुसतं वाळू दिलंत तर विरघळलेला डिंक तिथेच परत बसतो. हवा दहा अंश सेल्सिअसच्या वर असेल तेव्हाच रबर लावा. मिशिगनच्या नोव्हेंबरात हट्ट नको. लावताना रबर ताणायचं नाही. ताणून लावलेलं दोन दिवसांत आखडतं आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते, पाणी तिथूनच शिरतं. कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांत कापून जोडा. दाबून बसवलं की त्याच्या पाठीच्या टेपला पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात, तोवर ती बाजू आत-बाहेर करू नका. पुढे त्या रबराला व्हॅसलिन किंवा ग्रीसही चोपडू नका.

आणि नव्या रबराचं पाकीट अजून फोडलं नसेल तर थांबा. कचऱ्यातून जुन्याचा एक धड तुकडा शोधा, ताजा कापा आणि दोघांचे छेद शेजारी धरून पाहा. नवं जास्त जाड असेल तर बाजू आत घेताना दुमडतं. आम्ही हे पाकीट फोडल्यावर पाहिलं; दुकानदाराने परत घेतलं नाही.