आर्थिक वाढ आणि नागरिकांच्या हिताचे नियम यांचा तोल सरकारने कसा साधावा?

नियम कडक केले की उद्योग मागे पडतो, असे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वाढलो, आणि लोहखनिजाच्या खाणींचा तिथला अनुभव याच्या अगदी उलट आहे. नियम वेळेवर न पाळल्यामुळेच तिथला धंदा बुडाला.

चीनची मागणी वाढली तसे उत्खनन बेसुमार होत गेले. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली उतरला की त्यातले पाणी सतत उपसावे लागते, त्यामुळे आसपासच्या विहिरी आटतात. पावसाळ्यात टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहून आलेला लाल गाळ भातशेतीत बसतो, तो वेगळाच. हे सर्वांना दिसत होते, पण रोजगार जाईल या भीतीने कुणी आवर घातला नाही. ती भीती खोटी नव्हती, कारण गावातल्या कित्येकांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. खाणपट्ट्यांची, म्हणजे खाणकामासाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांची, मुदत २००७ मध्येच संपली होती, असे २०१४ च्या निकालात ठरले. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून विक्रीतला १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेशही झाला. ही मर्यादा दहा वर्षे आधी आली असती तर! एवढे होऊनही सरकारने लिलाव न करता ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केल्यामुळे मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. दोन्ही वेळा सर्वांत मोठा फटका बसला तो दारात उभ्या असलेल्या ट्रकचे हप्ते फेडणाऱ्याला, ज्याच्या नावाने नियम सैल ठेवले गेले होते त्यालाच.

म्हणून माझ्या मते तोल साधायचा तो उद्योग सुरू होण्यापूर्वी, आणि आकड्यांत: खाणीच्या रस्त्यावरून दिवसाला किती ट्रक जाऊ शकतील, पाणी किती उपसता येईल, आणि मर्यादा ओलांडली तर काम कुणी थांबवायचे. २०२२ च्या अखेरीस पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, तेव्हापासून पट्टा कुणाला मिळाला यापेक्षा, पहिला ट्रक निघण्याआधी गावातल्या विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेपुढे मांडली का, हे मी आधी विचारतो.